राळेगाववालीचा नमुना

मी लेखक नाही. घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, त्यामुळे लिहायला बसलो की हे आपलं काम नव्हे असं सारखं वाटतं. चुकलं तर सांभाळून घ्या. पण माझ्या आईविषयी दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून धीर करतो.

बोरी अरबजवळच्या आमच्या गावात आईला नावानं कोणी हाक मारत नाही. राळेगावहून लग्न होऊन आली, म्हणून ती राळेगाववाली. तिची आई मारेगावची, म्हणून राळेगावात ती मारेगाववाली. त्याआधीची कोण, कुठली, आईला माहीत नाही. वडिलांकडची गोष्ट मात्र आम्हाला पाठ आहे : पणजोबा दीक्षेला नागपूरला कसे गेले, परत आल्यावर गावाला काय म्हणाले. आई ते ऐकून घेते आणि म्हणते, "आमची काही गोष्ट नाई बाप्पा."

कॉलेजच्या मॅडमनी आमच्या भागातल्या वेगवेगळ्या समाजांमधून डीएनएचे नमुने घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी घरी विचारलं. पेशीतला एक डीएनए फक्त आईकडून येतो. मुलालाही मिळतो, पण पुढे देते ती मुलगीच, हे समजावून सांगितलं. आईनं ताईकडे पाहिलं. "म्हंजे वारस हे हाये. तू नुसताच मिरवून राह्यला." मग हसत हसत हो म्हणाली.

आधी काही खायचं नाही, असं बजावून मी तिच्या गालाच्या आतून काडी फिरवली. काही दिवसांनी मॅडम म्हणाल्या, नमुना खराब निघाला, तोंडात तंबाखू असावी. घरी येऊन विचारलं.

"तू म्हनला खाऊ नको. मी कुठं खाल्ला? खर्रा दुसऱ्या गालात दाबून ठेवला होता ना!"

प्रयोगशाळेत नमुन्यांचं शेवटचं पार्सल जायचं बाकी होतं. आईनं दिवसभर खर्रा सोडला. डोकं ठणकत होतं, वडिलांवर विनाकारण ओरडली, पण सुपारीचा तुकडाही तोंडात घेतला नाही. संध्याकाळी चूळ भरून स्वतःच समोर येऊन बसली. "घे."

त्यानंतर मी एसटीतून उतरून घरी आलो की तिचा एकच प्रश्न असे. "आली का माही माय?"

मागच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. आई अंगणात तूर पाखडत होती. मी तिथंच उभा राहून सांगितलं : नमुना चांगला निघाला. आईकडून लेकीकडे आलेली तिची वंशाची शाखा हजारो वर्षांपासून याच मुलखातली आहे. आणि तीच शाखा आपल्या भागात दुसऱ्या समाजांतल्या बायांमध्येही सापडली. कोण, ते सांगायचं नसतं.

"नाव सांगत नाई? मंग आता भांडावं तरी कोनाशी!" तिनं सूप खाली ठेवलं. "आन माही माय?"

"आली," मी म्हणालो. "तिचीही माय आली."