पातेल्याच्या काठावरचं माहेर

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीतही कधी धड जमलं नाही, ते पोटात घालावं. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून लेकीच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर हे लिहिते आहे.

मी सव्वा वर्षाची असताना आई गेली, पाठोपाठ वडील गेले. मला आत्यानं वाढवलं. आजोळ सिल्लोडच्या पुढचं एक लहान गाव, एवढंच ती सांगायची. रझाकारांच्या धामधुमीत तिकडची माणसं खानदेशात निघून गेली. पोलीस ॲक्शननंतर ती परत आली की नाही, कुणी विचारलं नाही.

माझ्या लग्नात भटजींनी मुलीच्या मामाला हाक मारली, तेव्हा शेजारचे एक काका उठले. त्यांनी मायेनंच केलं, पण पाठीला टेकलेला तो परका हात मी विसरले नाही. पुढं माझ्या लेकीचं लग्न ठरलं. मला भाऊ नाही. पण आजोळी एखादा मामेभाऊ असेल तर तो लेकीचा मामाच की! हिच्या पाठीला परका हात नको, असं मी मनाशी धरलं.

एसटीनं एकटीच त्या गावाला गेले. पारावर चार म्हातारे बसले होते. पदर दातात धरून कसंबसं आईचं नाव सांगितलं.

"या नावाची लेक आमच्या गावात झालीच नाय," एक म्हणाला.

"बाई, गाव चुकलं तुमचं," दुसरा म्हणाला. "की माहेरच चुकलं?"

सगळे हसले. मी पाणीसुद्धा न पिता परत फिरले.

लग्नासाठी भांडी कल्हईला काढली, तेव्हा आईचं पितळी पातेलंही बाहेर आलं. त्याच्या काठाला बाहेरून बारीक वेल कोरलेली होती. ती वेल मी वीस वर्षं राखेनं घासत होते. आमच्या पडेगावात येणारा कल्हईवाला म्हातारा मुसलमान होता. त्यानं पातेलं उजेडात धरलं आणि तो हसायला लागला.

"अम्मा, ये बेलबूटे नई, नाम है नाम. निजाम के जमाने का, उर्दू में खोदेला है."

त्यानं वाचून दाखवलं. एका मुलीचं नाव, तिच्या बापाचं नाव आणि तेच सिल्लोडकडचं गाव. पण मुलीचं नाव आईचं नव्हतं.

"फिर किसी और का होएंगा," म्हणून तो भाता मारायला लागला.

मीही तसंच समजले. एवढ्यात ओट्यावरून थोरल्या जाऊबाईंनी मला हाक मारली, आणि मी ओ द्यायचीच विसरले. ज्या नावानं त्या हाक मारत होत्या, ते मला या घरात तांदळाच्या ताटात लिहून दिलेलं नाव होतं. माझं माहेरचं नाव इथं कुणाला ठाऊक होतं? मग आईचं सासरचं नाव तिच्या गावाला कसं कळावं?

दुसऱ्यांदा जायला नवऱ्यानं पैसे दिले नाहीत. मी जाऊबाईंकडं बावीस रुपये मागितले. एसटी, चोळीखण, साखर-खोबरं, सगळं त्यात बसवायचं होतं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "मेलेल्याचं माहेर हुडकायला लई हौस! पण बुडवू नका."

"नाय बुडवणार, अक्का."

पातेलं मांडीवर घेऊन बसले, तर कंडक्टर म्हणाला, "मावशी, ह्याचं हाफ तिकीट फाडू का?"

पारावर तेच म्हातारे होते. या वेळी मी पदर दातात धरला नाही. पातेल्यावरची दोन्ही नावं मोठ्यानं सांगितली. हसणारा कुणी नव्हता. कडेला बसलेला एक म्हातारा काठी टेकत उठला. पातेलं घेऊन त्यानं बूड चाचपलं.

"हा पोचा म्या पाडला," तो म्हणाला. "तिच्या लग्नात गाडीतून सोडलं. बापानं तिथंच मुस्काटात दिली माझ्या." मग माझ्याकडं बघून विचारलं, "तू कोण गं?"

"तिची लेक."

"आम्हाला तर सांगितलं, लेकरूबी गेलं!"

मामानं माझा हात धरला तो घरापर्यंत सोडला नाही. तिथं तीन मामेभाऊ आणि त्यांची पोरंबाळं होती. मामी रडत रडत मला ओरडत होती, "एवढी मोठी झाली तरी यायला सुचलं नाय व्हय!"

लेकीच्या लग्नात भटजींनी हाक दिली, "मुलीचे मामा!" तिघंही एकदम उठले.

"एकच पुरे, एकच!" भटजी म्हणाले आणि मांडव हसला. पण कुणी बसेना. तिघंही लेकीच्या मागं उभे राहिले. मी अक्षता हातात धरून बघत राहिले, टाकायचं भानच उरलं नाही.

जाऊबाईंचे पैसे मी गोधड्या शिवून थोडेथोडे फेडत होते, नऊ रुपये राहिले होते. दिवाळीत थोरला मामेभाऊ आला. भाऊबीजेला भावाला ओवाळायची माझी ती पहिलीच वेळ, निरांजन कुठल्या बाजूनं फिरवायचं तेही जाऊबाईंना विचारलं. त्यानं ताटात अकरा रुपये टाकले. त्यातले नऊ उचलून मी जाऊबाईंच्या हातावर ठेवले.

"ओवाळणीचे नकोत गं, राहू दे," त्या म्हणाल्या.

"घ्या अक्का. माझ्या भावानं दिलेत."

त्यांनी मोजून कनवटीला लावले. बावीसच्या बावीस फिटले.