एकविसाचे तीन

माझ्या सासूबाईंनी एकतीस वर्षं शहर बसमध्ये कंडक्टरकी केली. निवृत्तीनंतर त्या चार महिने घरात बसल्या. म्हणजे बसल्या नाहीतच. आधी स्वतःचं कपाट आवरलं, मग माझं, आणि मग त्यांचा मोर्चा सासऱ्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलाकडे वळला. सासरे म्हणाले, "अगं, हवं तर निवडणुकीला उभी राहा, पण माझ्या स्क्रूंना हात लावू नकोस."

ते थट्टेत बोलले होते. तिसऱ्या दिवशी सासूबाई पालिकेतून उमेदवारीचा अर्ज घेऊन आल्या.

प्रचाराचं पत्रक लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे मुद्दे काढायची सवय आहे. उड्डाणपूल, नदीकाठी फिरायचा रस्ता, कारंजी, चौकाचौकात फुकट इंटरनेट अशी एकवीस कलमं मी झोकात लिहिली. सासूबाईंनी एकदा वाचलं आणि म्हणाल्या, "तुझं अक्षर चांगलं आहे."

पहिली सभा इस्त्रीवाल्याच्या दुकानासमोर झाली. पन्नासेक माणसं होती, त्यातली निम्मी आपापले कपडे घ्यायला आलेली. आमच्याच शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका हातात पत्रक घेऊन उठल्या.

"बाई, कागद वाचला. यातलं पहिलं काय करणार?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं.

"एकविसातलं एकच होणार असेल, तर ते कुठलं?" मुख्याध्यापिकांनी पुन्हा विचारलं.

"मला माहीत नाही," सासूबाई म्हणाल्या. "विचारून सांगते."

उमेदवाराने असं बोलायचं नसतं. आमचे दोन कार्यकर्ते एकमेकांची तोंडं बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून त्या तिकीट काढून बसमध्ये बसायला लागल्या. मागच्या बाकावर, मांडीवर वही. शेजारी जो येईल त्याला एकच प्रश्न विचारायचा, "घराबाहेर पडलात की कुठे अडतं?" आठ दिवसांत वही भरली. उड्डाणपुलाचं नाव एकानेही काढलं नव्हतं.

तीन गोष्टी मात्र पुन्हा पुन्हा आल्या होत्या. बसस्थानकावरचं बायकांचं स्वच्छतागृह सहा वर्षं कुलूपबंद होतं. सरकारी दवाखान्याचा थांबा हमरस्त्याच्या भलत्याच बाजूला होता, त्यामुळे आजारी माणसांना ट्रक चुकवत पलीकडे जावं लागे. आणि वाचनालय पाचला बंद होई, म्हणजे कामावरून लोक सुटायच्या आधीच.

त्या दिवशी संध्याकाळी वही मिटताना सासूबाई सहज म्हणाल्या, "वाटेत कुठे सोय नाही म्हणून ड्यूटीवर मी एकतीस वर्षं घोट घोट मोजून पाणी प्यायले. मूतखडे का उगीच झाले?"

सासऱ्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? सगळ्याच जणी तसंच करायच्या."

नवीन पत्रकात मी तीनच ओळी लिहिल्या. कागद इतका मोकळा दिसत होता की मलाच कसंतरी झालं. सासरे म्हणाले, "एवढंच? लोक हसतील."

"हसू देत," सासूबाई म्हणाल्या. "लक्षात तरी राहील."

लक्षात राहिलं, पण भलत्याच माणसाच्या. आमच्या प्रभागाचे नगरसेवक पुन्हा उभे होते. त्यांना सगळे भाऊ म्हणत. मतदानाला आठ दिवस उरले असताना भाऊंनी बसस्थानकावरच्या स्वच्छतागृहाचं कुलूप काढून घेतलं, रंग दिला, फीत कापली. माझा तिळपापड झाला. "आई, आपला मुद्दा पळवला त्यांनी."

"पळवून कुठे नेला? उघडलंय ना? चल, बघून येऊ."

आम्ही गेलो तेव्हा भाऊ तिथेच हारासकट उभे होते. सासूबाईंनी चारही दारं लावून पाहिली, नळ सोडून पाहिले आणि बाहेर आल्या.

"भाऊ, तिसऱ्या दाराला कडी नाही. आणि आत दिवा नाही. अंधार पडल्यावर बायका आत जातील कशा?"

"बाई, तुम्ही माझ्या विरोधक की मुकादम?"

"कडी आणि दिवा बसवा. मग भाऊंनी काम केलं म्हणून मीच सभेत सांगते."

भाऊंना वाटलं, बोलायचं म्हणून बोलतायत. तरी चार माणसांदेखत विषय निघाला होता, म्हणून संध्याकाळपर्यंत दोन्ही बसलं. आणि शेवटच्या सभेत सासूबाईंनी खरंच सांगितलं, "पहिलं काम भाऊंनी केलं. चांगलं केलं. माझ्याकडे आता दोनच उरली." आमच्या कार्यकर्त्यांनी कपाळाला हात लावला. माझं तोंड एवढंसं झालं.

सासूबाई अडतीस मतांनी निवडून आल्या. भाऊ भेटायला आले, खुर्चीत बसले. मग म्हणाले, "तुम्ही माझं नाव घेतलंत तिथेच मी हरलो."

"तसं मनात नव्हतं हो," सासूबाई म्हणाल्या. ते खरंच होतं.

थांब्याला मात्र सात महिने लागले. अभियंता साहेबांचं एकच पालुपद, थांब्याची शेड काँक्रीटमध्ये बसवली आहे, हलवता येत नाही. सासूबाई भांडल्या नाहीत. वहीतलं एक पान काढून दाखवलं. त्यावर एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं म्हणणं होतं. ती आठवड्यातून दोनदा वडिलांना डायलिसिसला नेत असे. "साहेब, मंगळवारी साडेनऊला या. फक्त त्यांच्याबरोबर रस्ता ओलांडा," सासूबाई म्हणाल्या.

साहेब आले. म्हाताऱ्यांनी एका हाताने मुलीला धरलं, दुसऱ्या हाताने साहेबांना. मध्ये दोनदा थांबावं लागलं, एकदा मागे यावं लागलं. पलीकडे पोचल्यावर साहेबांनी घाम पुसला. म्हातारे त्यांना म्हणाले, "तुम्हाला सवय नाही. हळूहळू होईल."

त्यानंतर शेड हलवता येऊ लागली. आता बस दवाखान्याच्या फाटकालगत थांबते. पहिल्या दिवशी बापलेक उतरले तेव्हा आम्ही दोघी तिथे होतो. म्हाताऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि लेकीला विचारलं, "आलं पण?"

सासूबाई हसल्या. मग घड्याळ बघून म्हणाल्या, "चल, वाचनालयात जाऊ." ते काम अजून व्हायचं आहे. संध्याकाळी थांबायला माणूस नाही, असं ग्रंथपाल म्हणतात. त्यावर सासूबाईंनी मुख्याध्यापिकांना गाठलंय. संध्याकाळी दोन तास बसायला त्या तयार आहेत, फक्त पालिकेची परवानगी हवी. अर्ज मी लिहिला. एकाच ओळीचा.