परीक्षेचे मासे

परीक्षेला बसलेल्या मुलांची काळजी शाळा घेते, शिकवणीवाले घेतात, आईबाप तर घेतातच. पण ती काळजी सुईत ओवून, तिला डोळे आणि शेपूट लावून मुलाच्या खिशात सोडणारी व्यक्ती साऱ्या पृथ्वीतलावर एकच आहे, आणि ती पापडी गावात राहते. माझ्या मुलीला, सईला, पाचवीत शिवण शिकवून त्या बाई निवृत्त झाल्या. निवृत्त झाल्या म्हणजे शाळेने त्यांना सोडले. त्यांनी शाळेला सोडल्याचे कुणाच्या ऐकिवात नाही. नाताळच्या देखाव्यातला गोठा आवरून पेटीत गेला, की त्यांच्या ओट्यावर कापडी मासे दिसू लागतात. बोटभर लांबीचे, पोटाला गुबगुबीत, पाठीवर धावदोऱ्याचे खवले. त्यांना ताईत म्हटलेले बाईंना खपत नाही. "ताईत म्हणाल तर आमचे फादर मला बोलावून घेतील, आणि मागोमाग तुमचे भटजीही यायचे. मासा म्हणा." मासाच का, याचे उत्तरही तयार असते: मासा कधी डोळे मिटत नाही, तेव्हा पेपरात डुलकी लागण्याची भीती नाही.

हा मासा बाजारच्या वस्तूसारखा सरसकट होत नाही. मूल समोर उभे करायचे, त्याला मूठ मिटायला सांगायची ("घट्ट नको, पाखरू धरल्यासारखी") आणि त्या मुठीचे माप दोऱ्याने घ्यायचे. मग पोटातला मसाला. गणिताच्या माशात ओवा, कारण गणिताच्या पेपरालाच पोटात कळ येते. इतिहासाच्या माशात वेखंड, सनावळ्या ठसाव्यात म्हणून. आणि इंग्रजीच्या माशात वेलची, उच्चार गोड यावेत म्हणून. लेखी परीक्षेत उच्चार कोण ऐकणार, असे मी एकदा विचारून बसले. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "मनातल्या मनात म्हणतात ना? तिथे ऐकू येतात." वर निर्मळ गावच्या वाडीतला सुकवलेला मोगरा प्रत्येकात चिमूटभर. फेब्रुवारीतल्या संध्याकाळी त्या ओट्यावर पाऊल ठेवले, की नवे कोरे सूत, ओवा आणि शिळा मोगरा यांचा असा काही वास येतो, की माझ्यासारखीलाही पुन्हा एकदा दहावीला बसावेसे वाटते.

कापड मात्र आईच्या अंगावरचेच हवे, तेही वापरून मऊ झालेले, हा बाईंचा कडक नियम. त्यांच्या पर्समध्ये जपमाळेशेजारी कात्री असते. एरवी अत्यंत सौजन्याने बोलणाऱ्या बाई जानेवारी उजाडला, की समोरच्या बाईच्या चेहऱ्याकडे न पाहता पदराकडे पाहून बोलू लागतात. "काठ विटलाय, नाही?" एवढे शब्द कानी पडले, की जाणत्या आया पदर खोचून निघून जातात. मी जाणती नव्हते. माझ्या आवडत्या आमसुली साडीच्या निऱ्यांत आज सुबक चौकोनी खिडकी आहे. ती नेसताना मी आतल्या बाजूला वळवते आणि बाईंचे नाव घेते.

एके वर्षी शिवलेले मासे उन्हात टाकले ते शेजारणीने बोंबील वाळत टांगलेल्या वलांडीखाली. परीक्षेच्या दिवशी पापडीची निम्मी मांजरे मुलांच्या मागोमाग केंद्रापर्यंत गेली. बाईंना त्याचेही कौतुकच. "बघा, पोरांना पोचवायला कोण कोण गेलं!" आणखी एका वर्षी एका पर्यवेक्षकांना माशाच्या पोटात चिठ्ठी असल्याचा संशय आला. त्यांनी मासा उसवला आणि बाकावर ओवा सांडला. दुसऱ्या दिवशी पेपर सुटताच बाई सुईदोरा घेऊन त्यांच्यापुढे उभ्या. "चिठ्ठी? सर, माझा मासा साक्षर नाही हो. धरा आता हा नीट, हलवू नका." आणि ते गृहस्थ, म्हणे, टाका पुरा होईपर्यंत श्वास रोखून उभे होते.

अशा या बाईंच्या माशाला तोंडावर नावे ठेवणारी एकच निघाली, ती माझी लेक. आमसुली मासा खिशात असूनही सई दहावीला गणितात नापास झाली. निकालानंतर ती कुणाशी बोलेना, जेवेना. पुरवणी परीक्षेचा अर्ज आम्ही भरला, पण परीक्षेला बसणार नाही म्हणून ती हटून बसली. शेवटी एका दुपारी तिने तो मासा नेऊन बाईंच्या पुढ्यात टाकला.

"बाई, तुमचा मासा बुडाला."

मी मागून धावत पोहोचले तेव्हा बाई मासा उलटसुलट करून पाहत होत्या. शिवण दाबून पाहिली, वास घेतला. मला वाटले, आता रडतील. त्यांनी सुई टाचणीच्या उशीत खोचली आणि म्हणाल्या, "माप बरोबर आहे. ओवा ताजा होता. मग ज्यात हा बुडाला, ते पाणी आहे तरी किती खोल, ते मला बघू दे. उद्या पुस्तक घेऊन ये, बाय. मला गणित शिकव."

"तुम्हाला? कशाला?"

"माझी अब्रू गेलीय. तुझं काय, तुला बसायचंच नाहीये."

सई गेली ती निव्वळ अपराधी वाटून. बाईंइतकी अवघड विद्यार्थिनी कुठल्याच शिक्षकाच्या नशिबी न येवो. "हा एक्स कुठला? घरचा की बाहेरचा?" इथपासून सुरुवात. वर्गसमीकरणाला दोन उत्तरे येतात म्हटल्यावर त्या उठूनच उभ्या राहिल्या. "दोन? आणि दोन्ही खरी? मग खोटं बोलतंय कोण?" सई पहिल्यांदा चिडली, मग समजावू लागली, एकाच उदाहरणाला चार वाटांनी भिडू लागली, कारण पहिल्या तीन वाटा बाईंना पटत नसत. एका संध्याकाळी मी फाटकाशी थांबले, तर आतून माझ्या मुलीचे हसणे ऐकू आले. निकालानंतर प्रथमच. "अहो बाई, ऋण म्हणजे पाप नाही हो!" ती ओरडत होती, आणि बाई आपल्या बोलीत कुणा संताला साक्षीला बोलावत होत्या.

परीक्षेला सई बसली. मासा तिने मागितला नाही, बाईंनीही दिला नाही. शिवायला सवडच कुठे होती, त्या अभ्यास करत होत्या. सई उत्तीर्ण झाली. फार नाही, पण झाली. पेढे घेऊन गेलो तेव्हा बाईंनी गुण विचारलेच नाहीत, "पेपरात तो एक्स आला होता का? कसा होता?" अशी दूरच्या नातलगासारखी त्याची चौकशी केली. पुढच्या नाताळानंतर ओट्यावर पुन्हा मासे दिसू लागले. आता मुलाच्या हाती मासा देताना बाई एवढेच वाढवून सांगतात, "पोहायचं तुलाच आहे हं, हा नुसता बरोबर येतो."

सईने पुढे कला शाखा घेतली. गणित सुटले, पापडीचा ओटाही हळूहळू मागे पडला. दर आठवड्याला ती म्हणते, "या रविवारी नक्की जाते," आणि रविवारी तिच्या मैत्रिणी येतात. तिची चूक नाही; उत्तीर्ण झालेले मूल पुढेच बघते.

परवा मी पापडीला गेले होते. ऊन उतरले होते, चर्चची घंटा होऊन गेली होती, आणि बाई ओट्यावर सईचे जुने पुस्तक मांडीवर घेऊन ओठ हलवत बसल्या होत्या. परीक्षा आली तेव्हा त्यांचे प्रकरण अर्ध्यावर राहिले होते: अंकगणिती श्रेढी. दर वेळी तेवढीच भर पडत पुढे पुढे जाणाऱ्या संख्यांची रांग. बाईंनी ओळीवर बोट ठेवून मला विचारले, "सईची आई, हे थांबतं कुठे? ती सांगणार होती."

"तिला पाठवू का?"

"नको, तिचा अभ्यास असेल." मग पुस्तक माझ्याकडे वळवून, "तुम्हाला येतं?"

"नाही हो, बाई."

त्यांनी शेजारच्या खुर्चीवरचे कापडाचे तुकडे उचलले, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "मग बसा."