सिस्टरचं भोपळ्याचं सूप

दुसऱ्याच्या घरचं भांडं तुमच्या फडताळात किती वर्षांपासून पडून आहे? जरा आठवून बघा. आमच्याकडे आहे ते एनॅमलचं, पांढरं, निळ्या काठाचं, घट्ट झाकणाचं. हैती नावाच्या देशातल्या एका बाईंचं ते भांडं. ते आमच्याकडे राहून गेलं ते माझ्यामुळे.

नव्वदच्या दशकात आम्ही आखातातल्या अल ऐनला राहत होतो. वडील ड्राफ्ट्समन. सकाळी कंपनीची गाडी त्यांना घेऊन जायची, मला शाळेची बस, आणि मग तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये आई आणि एसीचा आवाज. आईला इंग्रजी येत नव्हतं, गाडी येत नव्हती, आणि त्या गावात गाडीशिवाय माणूस कुठे जात नाही. समोरच्या दारात सिस्टर राहायला आली नसती तर आई तिथे बोलणंच विसरली असती.

सिस्टर हॉस्पिटलात नर्स होती. हैतीत जन्मलेली, कॅनडात शिकलेली, उंच, काळीभोर, पन्नाशीची. हिंदी तिने वॉर्डातल्या पेशंटांकडून उचललं होतं, त्यामुळे तिच्या बोलण्यात "दर्द किधर?" आणि "गहरा साँस लो" हे फार यायचं. आई तिला सिस्टर म्हणायची आणि ती आईला ताई.

दोघींची मैत्री वाटणावरून जमली. सिस्टर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी आठवड्याचं हिरवं वाटण करायची: कांद्याची पात, पार्सली, लसूण, ढोबळी मिरची, लिंबू, एक-दोन लवंगा आणि ओव्यासारख्या वासाचा एक बारीक पाला. त्याचा वास जिन्यात आला आणि आई दार उघडून सरळ समोर गेली. "हे तर आपलंच," म्हणाली, बोट घालून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "मिरची नाही यात?" सिस्टरच्या गावाकडची जहाल मिरची तिथल्या बाजारात मिळत नव्हती. आईने घरातली लवंगी नेऊन दिली. सिस्टरने एक चावली, डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाली, "ताई, पेशंट खलास!" दोघी हसत बसल्या.

मग रोजचंच झालं. आई बाजारातून कच्ची केळी आणायची. सिस्टर त्यांचे जाड काप तळायची, बशीच्या बुडाने चेपायची आणि पुन्हा तळायची. कोबी, गाजर आणि लवंगी मिरच्या व्हिनेगरमध्ये मुरवलेली तिची बरणी आमच्या जेवणावर कायम असायची. वडील त्या बरणीला 'आग' म्हणायचे. राजम्याच्या पाण्यात शिजवलेला तिचा भात आईला फार आवडायचा, आणि त्याहून आवडायची ती खरवड. सिस्टरच्या देशात भाताच्या बुडाला लागलेल्या खरपूस थरासाठी पोरं भांडतात म्हणे. या दोघी बायका पन्नाशीच्या घरात पोहोचून, पातेलं मांडीवर घेऊन, डाव घासत त्याची वाटणी करायच्या.

"तू मोठा लिया, ताई."

"मोठा कुठे? माप ना!"

फक्त एक पदार्थ आईने कधी खाल्ला नाही.

एक जानेवारीला सिस्टर भोपळ्याचं सूप करायची. लाल भोपळा शिजवून घोटलेला, त्यात बटाटा, कोबी, सलगम, शेवया आणि बीफ. ते मांस ती लिंबाने चोळून, गरम पाण्याने धुऊन, रात्रभर वाटणात मुरवायची. सकाळी सात वाजता, ठेवणीतला झगा घालून, डोक्याला पिवळा रुमाल बांधून ती आमच्या दारात उभी राहायची. हातात निळ्या काठाचं भांडं. "ताई, हॅपी न्यू इयर. गरम है." आई दोन्ही हातांनी घ्यायची. दार लागलं की भांडं ओट्यावर ठेवायची आणि त्याच्याकडे बघत राहायची. बीफ तिच्याने खाववत नव्हतं, अन्न कचऱ्यात टाकवत नव्हतं. ती मागच्या जिन्याने खाली जायची आणि मांजरांना घालून यायची. मग भांडं घासून लख्ख करायची आणि त्यात साजूक तुपातला शिरा भरून समोर नेऊन द्यायची. रिकामं भांडं कसं परत करायचं?

असं चार वर्षं चाललं.

आता माझ्याबद्दल. वडिलांनी तरुणपणी नाशकात दारोदार पत्रकं वाटली होती: एका पंगतीत बसा, कुणाच्याही हातचं खा, शिवाशिव गाडा. अल ऐनला येताना त्यांच्या जुन्या गठ्ठ्यातले कागद आईने भांडी गुंडाळायला घेतले आणि नंतर तेच स्वयंपाकघराच्या कप्प्यांत अंथरले. मराठी वाचायला मी शिकले ती डाळींच्या डब्यांखाली. 'जो अन्न नाकारतो तो माणूस नाकारतो' हे तूरडाळीखाली होतं. त्यावरचा एकही शब्द मला आजही खोटा वाटत नाही.

पाचव्या वर्षी मी पंधरा वर्षांची होते. डिसेंबरच्या सुट्टीत सिस्टरने मला त्या सुपाची गोष्ट सांगितली. तिचे पूर्वज गुलाम होते. हे सूप तेच शिजवायचे, पण ते फ्रेंच मालकांच्या टेबलावर जायचं. शिजवणाऱ्याला त्यातलं चमचाभरही नाही. मग ते लढले, मालकांना हाकलून दिलं, आणि स्वतंत्र झाले त्या दिवशी, एक जानेवारीला, सगळ्यांनी हेच सूप प्यायलं. "म्हणून त्या दिवशी ते प्रत्येक दारात द्यायचं असतं," ती म्हणाली. "कुणाला वगळायचं नाही."

माझ्या डोक्यात जाळ झाला. माझी आई स्वातंत्र्याचं सूप मांजरांना घालते! आईशी मी भांडले. ती म्हणाली, "तुला नाही कळायचं. गप बस."

मी गप बसले नाही.

एक जानेवारीच्या दुपारी सिस्टरकडे सात-आठ नर्सेस जमल्या होत्या. आई शिऱ्याने भरलेलं निळ्या काठाचं भांडं घेऊन निघाली. मी मागोमाग. सिस्टरने आईच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना सांगितलं, "ही माझी ताई. माझं सूप हिच्याइतकं कुणाला आवडत नाही. भांडं बघा, पुसून खाल्ल्यासारखं परत येतं."

आई हसत उभी होती. मी इंग्रजीत बोलू लागले. एखाद्या सभेत बोलावं तशी बोलले. म्हटलं, हे खोटं आहे. हिने तुमचं सूप एकदाही प्यायलं नाही. त्यात बीफ आहे म्हणून ही दर वर्षी ते मांजरांना घालते. आमच्याकडे शिवाशिव अशीच पाळतात, हसत हसत. कुणीतरी खरं बोलायला हवं, म्हणून मी बोलते आहे.

सगळ्यांच्या नजरा आईकडे वळल्या. आई अजून हसत होती. "काय म्हणालीस गं?" तिने विचारलं. "सगळ्या अशा का बघतायत?"

पण 'बीफ' तिला कळलं होतं, आणि 'कॅट' हा शब्द तर तिनेच मला भिंतीवरच्या तक्त्यावरून शिकवला होता. हसू चेहऱ्यावरून जायला वेळ लागला. ती वळली आणि भांडं हातात तसंच धरून घरी गेली. मला ना रागावली, ना मारलं. शिरा तिने ताटात काढला, तो वाळून गेला, कुणी खाल्ला नाही.

रात्री वडील एवढंच म्हणाले, "ती पत्रकं इथे अंथरायला आली होती. वाचायला नाही." आई भिंतीकडे बघून म्हणाली, "पहिल्याच वर्षी सांगणार होते मी तिला. पण ती अशी नटून उभी होती दारात."

आठवड्याने मी माफी मागायला गेले. सिस्टरने मला बसवलं, ज्यूस दिला. केळी तळली नाहीत.

"मला माहीत होतं, बेटा," ती म्हणाली. "एक तारखेला इथली मांजरं जिन्यावर झोपून असतात. पोटं अशी फुगलेली. मी काय आंधळी आहे?"

"मग दर वर्षी का दिलंत?"

"द्यायचं असतं म्हणून. आणि ताईने मला सांगितलं असतं तर तिच्यापुरतं बिनमांसाचं केलं असतं. ती सांगेल म्हणून थांबले होते." तिने माझा रिकामा ग्लास उचलला. "आता ती मला बघते तेव्हा तिला त्या दुपारची ती खोली दिसते. मलाही तीच दिसते. क्या करेगा?"

त्यानंतर जिन्यात भेटल्या की दोघी "कैसा है" म्हणायच्या, "अच्छा है" म्हणायच्या, आणि आपापली दारं लावून घ्यायच्या. भांडं परत करायला आई तीनदा निघाली आणि तीनदा उंबऱ्यावरून मागे फिरली. रिकामं नेववेना, आणि त्यात काय भरायचं ते तिला सुचेना. पुढच्या एक जानेवारीला ती पहाटे उठून रवा भाजत बसली. सात वाजले, आठ वाजले. बेल वाजली नाही. त्या उन्हाळ्यात आम्ही सुट्टीला नाशकात असताना सिस्टरचं कंत्राट संपलं. परत आलो तेव्हा समोर दुसरंच कुटुंब होतं. पत्ता कुणाकडे नव्हता. मी हॉस्पिटलात विचारलं, कॅनडाच्या दोन पत्त्यांवर पत्रं पाठवली. दोन्ही परत आली.

आता आई नाशकात असते. नव्या बिल्डिंगमध्ये तिचं कुणाशी जमलेलं नाही. शेजारून काही आलं की ती दारातच सांगते, "आम्ही नाही खात," मग तो साधा तिळगूळ का असेना. निळ्या काठाचं भांडं सगळ्यात वरच्या कप्प्यात आहे. मी एकदा लाल भोपळ्याचं सूप केलं, बिनमांसाचं, आणि तिच्यापुढे ठेवलं. तिने वाटी सरकवली. "मला कशाला देतेस?" म्हणाली. बरोबरच होतं तिचं.

म्हणून तुम्हाला मागते ते एवढंच. आज उठा, ते दुसऱ्याच्या घरचं भांडं खाली काढा आणि परत नेऊन द्या. भरून नेता आलं तर भरून, नाहीतर रिकामं. त्यांच्या घरचं काही तुम्हाला चालत नसेल तर तेही तिथेच, हळू आवाजात, स्वतःच्या तोंडाने सांगा. मात्र आजच जा. दार उघडणारं माणूस अजून तिथे आहे तोवर.