रुमानाच्या मांडीचा तुकडा

सदाशिव पेठेतल्या त्या लॅबमध्ये विजयमालाबाईंच्या तोंडी लागायची कोणाची छाती नव्हती. माणसांच्या अंगातून काढलेले बारीक तुकडे मेणात बसवायचे, त्यांचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि रंगवून डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवायचे, हे त्यांचं अठ्ठावीस वर्षांचं काम. काम चोख आणि जीभ त्याहून तिखट. कोणी काप जाड काढला की म्हणायच्या, "अहो, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचाय, पिठल्याबरोबर खायचा नाहीये." बाईंचं कधी चुकत नाही, असं सगळे म्हणायचे. वाईट एवढंच झालं, की बाईंनीही ते खरं मानलं.

मार्चमधल्या एका संध्याकाळी रुमानाच्या मांडीच्या स्नायूचा तुकडा आला. रुमाना एकोणीस वर्षांची, पुस्तकं बांधणाऱ्या दादामियाँची मुलगी. सहा महिन्यांपासून पोरीला जिना चढवेना, वेणी घालायला हात वर धरवेना. डॉक्टरांना संशय होता, की तिच्या स्नायूंत चरबीचे थेंब साठताहेत. तसं असलं, तर त्या आजाराच्या काही प्रकारांत साध्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी माणूस पुन्हा उभा राहतो. नसलं, तर शोधाशोध पुन्हा पहिल्यापासून. म्हणून सर्जननं चिठ्ठीवर ठळक लिहिलं होतं : अर्धा तुकडा ताजाच गोठवा, चरबीसाठी रंगवा.

बाईंनी चिठ्ठी वाचलीच नाही. सहाला यंत्र सुरू करायचं होतं, आणि चिठ्ठ्या वाचत बसायचं ते नवख्यांनी! अख्खा तुकडा नेहमीसारखा जाळीच्या डबीत घातला, डबी यंत्राच्या टोपलीत ठेवली, बटण दाबलं आणि स्कूटर काढून बाई वारज्याला घरी गेल्या.

आता हे यंत्र काय करतं, तर तुकड्याला फॉर्मालिन, अल्कोहोल, झायलीन अशा रसायनांतून फिरवत शेवटी गरम मेणात आणून सोडतं. वाटेत त्याची सगळी चरबी धुऊन जाते. हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं. ठाऊक का असतं, तर बाईंनीच त्यांना ते दरडावून शिकवलेलं असतं.

सकाळी त्यांनी डबीचा नंबर जुळवायला म्हणून चिठ्ठी हातात घेतली आणि पहिल्यांदाच नीट वाचली. अरे देवा! मग काप काढला, रंगवला, स्वतःच डोळा लावून पाहिला. स्नायूच्या धाग्यांत गोल गोल रिकामी भोकं. तिथं काहीतरी होतं एवढं दिसत होतं, पण काय होतं ते सांगणार कोण? चरबीच असेल. पण 'असेल'वर कोणी औषध सुरू करत नाही.

तेवढ्यात डॉक्टर उत्कर्षा आल्या. रिपोर्टवर सही त्यांची. वयानं बाईंच्या लेकीएवढ्या; काचेवर काप कसा घ्यायचा ते बाईंकडूनच शिकलेल्या.

"बाई, गोठवलेला अर्धा कुठंय?"

बाईंनी तोंड उघडलं. खरं सांगायलाच उघडलं होतं, शप्पथ. पण बाहेर आलं ते भलतंच. "नमुनाच एवढासा आला होता हो. अर्धा करण्याजोगा नव्हता."

"काय हे सर्जन लोक!" डॉक्टर म्हणाल्या, आणि रिपोर्टात लिहिलं : नमुना अपुरा, पुन्हा घ्यावा.

झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्या दिवशी बाईंनी जेवणाचा डबा उघडला नाही. चूक माणसाकडून होते हो, पण चुकीवर खोटं रचायचं, आणि तेही आपल्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्या उत्कर्षापाशी? स्वतःचीच किळस आली त्यांना. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत आठवडा गेला, आणि रुमानाच्या दुसऱ्या मांडीवर सुरी चालली.

त्या वेळी बर्फाचा डबा घेऊन बाई स्वतः हॉस्पिटलात गेल्या. तुकड्याला कोणाला हात लावू दिला नाही. आल्या आल्या गोठवला, कापला, लाल रंग दिला. उत्कर्षा सूक्ष्मदर्शकावरून ओरडल्याच, "बाई, बघा तरी!" धाग्याधाग्यात लालभडक थेंब, डाळिंब फुटल्यासारखे. निदान झालं. सगळ्यांनी बाईंचं कौतुक केलं, आणि बाई तोंड धुवायला म्हणून उठून गेल्या. ते कौतुक ऐकवत नव्हतं त्यांना.

गोळ्या सुरू होऊन तीन महिने झाले, तेव्हा दादामियाँ लॅबमध्ये आले. मागून रुमाना, कठडा धरून का होईना, दोन मजले स्वतःच्या पायांनी चढून आलेली. दादामियाँनी पिशवीतून एक जाड वही काढली. कातडी पुठ्ठा, त्यावर सोनेरी अक्षरांत बाईंचं नाव.

"ताई, आपण होतात म्हणून पोरगी उभी राहिली. त्या सर्जनला मात्र मी सोडलं नाही. भर ओपीडीत, पन्नास माणसांसमोर झाडला. म्हटलं, माझ्या पोरीला दोनदा कापलंत, पहिल्यांदाच नीट कापायला काय झालं होतं? मान खाली घालून ऐकत राहिला."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी वहीला हात लावला नाही.

"तुकडा पुरेसा होता," त्या म्हणाल्या. "सर्जननी नीट घेतला होता, चिठ्ठीही नीट लिहिली होती. मी वाचली नाही. अख्खा तुकडा मी वाया घालवला, आणि डॉक्टरांशी खोटं बोलले."

शेजारी रिपोर्ट लिहीत बसलेल्या उत्कर्षांनी पेन खाली ठेवलं. बोलली ती रुमाना.

"दुसऱ्या वेळी मी नको म्हणत होते. अब्बांनी माझे पाय धरले होते, हॉस्पिटलात, सगळ्यांसमोर. ते तुमच्यामुळे?"

"हो."

मग दादामियाँनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि पुन्हा घातली. आवाज चढला नाही त्यांचा. चढला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"सर्जनसाहेब किती वाजेपर्यंत बसतात?"

"एक वाजेपर्यंत," बाई म्हणाल्या. "मी येते बरोबर. मीच सांगते त्यांना."

"आपण मागून या," दादामियाँ म्हणाले. "आधी मला त्यांची माफी मागू द्या."