खारट असेल तर पाणी पी

आमचे साडूबुवा भारतीय जेवणाच्या एका बड्या रेस्टॉरंटात आचारी. तापातून उठले, पण जिभेची चव गेली ती गेलीच. नोकरी जाईल या धास्तीने कुणाला बोलले नाहीत. महिनाभर अंदाजाने मीठ टाकत राहिले. रश्शाची दोन ताटं परत आली, तेव्हा मालकाने बजावलं, "आज तिसरं आलं, तर उद्या येऊ नका."

साडूबुवांचं धाबं दणाणलं. त्यांनी बायकोलाच, म्हणजे माझ्या मेव्हणीला, गिऱ्हाईक म्हणून स्वयंपाकघराच्या काचेसमोर बसवलं. ठरलं असं, की रस्सा खारट लागला तर तिने पाणी प्यायचं.

पहिल्याच घासाला ती पाणी प्याली. साडूबुवांनी पातेल्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि तिला रश्शाची नवी वाटी धाडली. ती पुन्हा प्याली, यांनी पुन्हा ओतलं. पाचव्या पेल्याला बिचारे रडकुंडीला आले. तेवढ्यात तिसरं ताट परत आलं.

मेव्हणी तरातरा आत शिरली. "अहो, सुरुवातीला छान होता की रस्सा!"

"मग पाणी का ढोसत होतीस?"

"इशारा गेला डोक्यातून! मेला वेटर पेला रिकामा दिसला की भरतोय. भरलेला टाकून उठणं बरं दिसतं का?"

मागे मालक उभा होता. साडूबुवांनी हात जोडले. "मालक, मला चवच कळत नाही हो."

"मला कळते," म्हणत मेव्हणीने पदर खोचला. "काढायचं तर दोघांना काढा. पण आधी बाहेरच्या माणसांना जेवू द्या."

मालकाने मिठाचा डबा तिच्याकडे सरकवला.