आईच्या बैठका

व्यायाम कशासाठी करायचा, तर खाल्लेलं जिरवायला, असं माझे वडील म्हणत. ते राहुरीच्या कचेरीत कारकून होते आणि घरातल्या बोलण्यालाही कचेरीचा शिक्का मारल्यासारखे बोलत. तालमीतून येणारी मुलं दिसली की म्हणायचे, "यांच्या घरी दूधतूप उतू जातंय. आपल्याकडे जिरवायला आहे काय?" लढाईचे, रेशनचे दिवस होते, ज्वारी मोजून मिळायची, साखर औषधापुरती. त्यामुळे हे बोलणं शहाणपणाचं वाटायचं. मलाही वाटायचं. आज माझी ऐंशी उलटली, आणि अजून कुणी व्यायाम म्हणजे उष्मांक जाळणं एवढंच बोलायला लागलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कारण या शहाणपणापायी माझ्या आईचं घर जायची वेळ आली होती.

मी पंधरा वर्षांची होते. श्रावणात आईला मुदतीचा ताप आला आणि तो चाळीस दिवस हलला नाही. उतरला तेव्हा तिच्या पोटऱ्या माझ्या मनगटाएवढ्या राहिल्या होत्या. नगरहून आणलेल्या डॉक्टरांनी दारातूनच सांगितलं, पूर्ण विश्रांती आणि पौष्टिक आहार. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं. वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, श्रीगोंद्याहून आली आणि तिने स्वयंपाकघर हातात घेतलं. गूळ कुठून तरी पैदा झाला, डिंक आला, लाडू वळले गेले. आई सकाळ-संध्याकाळ लाडू खायची आणि पडून राहायची. तीन महिन्यांत तिचा चेहरा भरला, पोट सुटलं, आणि पाय होते तसेच काड्या. येणारा-जाणारा म्हणायचा, काय छान तब्येत सुधारलीय. वडील तर पुढे आयुष्यभर सांगत राहिले की आमच्या घरात डिंकाच्या लाडवांनी माणूस उभं केलं. ते ऐकताना मी दरवेळी उठून आत जायची.

तेव्हाचं घर म्हणजे सगळं जमिनीवर. चूल जमिनीवर, जातं जमिनीवर, जेवण, पूजा, निवडणं-टिपणं, सगळं खाली बसून. घरात एकच खुर्ची होती आणि तिच्यावर वडिलांचे कचेरीचे कागद बसत. ज्या बाईला जमिनीवरून उठता येत नाही ती त्या घरात ठेवल्या जागी राहणार. आईला परसाकडे न्यायचं तर आत्या एका काखेत आणि मी दुसऱ्या काखेत हात घालायचो, उकिडवी बसवायचो आणि तोंड फिरवून थांबायचो. झालं की ती हाक मारायची. पस्तीस वर्षांची बाई. एकदा मी तिच्या उशाजवळचा तांब्या घासायला उचलला तर तो सकाळी भरलेला तसाच काठोकाठ. विचारलं तर म्हणाली, "पाणी प्यायलं की तुम्हाला हाक मारावी लागते." ती दिवसभर तहानलेली राहत होती आणि आम्ही तिला लाडू भरवत होतो. हे आठवलं की मला आमच्या सगळ्यांचाच राग येतो, माझ्यासकट.

मार्गशीर्ष लागला तसा एकदा जेवताना आत्याने विषय काढला. "मी इथं किती दिवस राहणार? घराला हात हवेत. कोपरगावकडची एक मुलगी आहे, मामाकडे वाढलीय, गरीब आहे, हुंड्याचं बोलणं नाही. पौष जाऊ दे, माघात बघायला आणू."

तेव्हा एक बायको घरात असताना दुसरी आणायला कुणाची हरकत नसायची, कायद्याचीही नाही. वडील वाईट नव्हते, असं सगळे म्हणतात. म्हणजे काय, तर त्यांनी 'हो' म्हटलं नाही. ते म्हणाले, "बघू." आणि ताकाचा भात कालवायला लागले. मुलगी सतरा वर्षांची होती. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आणि आई पलीकडच्या खोलीत जागी होती. मधल्या दाराला फक्त पडदा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या पायरीवर दूध घालायला वस्ताद आले. ते आमचे शेजारी. तरुणपणी मोठे पैलवान, मग तालमीत पोरं घडवली, आता दोन म्हशी ठेवून दूध घालत. आत्या आणि मी आईला धरून परसातून आणत होतो ते त्यांनी पाहिलं आणि नजर खाली घातली. आम्ही तिला आत निजवलं. आत्या चुलीकडे गेली, मी भांडं घेऊन बाहेर आले.

"वैनींच्या पायात जीव ऱ्हायला न्हाई," ते म्हणाले.

"अशक्तपणा आहे. लाडू देतोय."

"लाडवानं प्वाट वाढतं, पोरी. मांडीला काम द्यावं लागतं."

मी वडिलांचंच वाक्य त्यांच्या तोंडावर फेकलं. व्यायाम ज्यांना जिरवायला आहे त्यांनी करावा, आमच्या आईला जिरवायला काय आहे? वस्तादांनी दुधाचं माप खाली ठेवलं. ते रागावले होते.

"कोन म्हनतं आसं? आमची म्हस याली आन् बसली. उठंना. तर आमी चार जनांनी पोटाखाली दांडकं घालून रोज हुबी केली तिला. तिचं काय जिरवायचं हुतं? जनावर बसलं का संपलं. मानसाचं काय येगळं हाय व्हय? घरात पाट किती हायत?"

"सात."

"साती एकावर एक ठीव. त्येच्यावर बशीव त्यांना. हात न टेकता उठू दे, धा येळा. आठ दिसांनी एक पाट काढायचा. आन् बसताना धपकन न्हाई बसायचं, सावकाश बसायचं. आमी पोरांच्या बैठका मोजायचो त्या खाली जातानाच."

मी आईला सांगितलं. तिने भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, चिडली. मग हळूच म्हणाली, "दुपारी वन्सं पोथी ऐकायला जातात ना?"

पहिल्या दिवशी तिसऱ्यांदा उठताना ती माझ्या अंगावर कोसळली आणि आम्ही दोघी निवडायच्या तुरीच्या डाळीत जाऊन पडलो. आई रडेल असं वाटलं, पण ती डाळीचे दाणे गोळा करत म्हणाली, "अजून सात राहिल्या." दुसऱ्या दिवशी तिने मला जवळ बोलावलं आणि स्वतःची मांडी दाबून दाखवली. "अगं, इथे दुखतंय. म्हणजे आहे अजून काहीतरी." दुखण्याचा असा आनंद झालेलं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

सातावरून सहा, सहावरून पाच. चौथ्या पाटावर ती अडकली, दोन आठवडे काही केल्या तो निघेना. पण आणखी काय काय बदलत होतं ते मी बघत होते. चहा ओतताना तिचा हात थरथरायचा थांबला. दुपारची झोप गेली आणि रात्रीची आली. भूक लागायला लागली, खरी भूक, लाडू नको भाकरी दे म्हणणारी. उंबरठ्यावर पाय अडखळला तर तोल सावरता यायला लागला, आधी ती सरळ आडवी व्हायची. आणि ती पाणी पिऊ लागली. परसाकडे जाताना आता माझ्या खांद्यावर एक हात पुरायचा. यात जाळलं काय आणि जिरवलं काय, सांगा मला. वजन उतरलं का वाढलं कुणी पाहिलंच नाही, तोलायला घरात पितळी तराजूच होता. मांडीत ताकद आली की माणसाला त्याचं घर परत मिळतं, एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात शिरत नव्हती.

तीन पाट उरले असताना पोथी सांगणाऱ्या बुवांना ताप भरला आणि आत्या भर दुपारी परत आली. आई दाराची चौकट न धरता उठत होती. आत्याने दारातच कपाळावर हात मारला.

"बायकामाणसांनी बैठका? पिशवीचं अंग बाहेर येईल अशानं. आणि एवढे लाडू घातले ते जिरवून टाकतेस?"

संध्याकाळी वडिलांपुढे सगळं गेलं. वडील आईशी बोललेच नाहीत, मला म्हणाले, "आजारी माणसाशी खेळ करतेस?" आणि पाट माळ्यावर टाकले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे जेवायला गोणपाटावर बसू लागलो. एक बाई उठू नये म्हणून अख्खं घर खाली बसलं. मी जेवताना हसले तर आत्याने मला बाहेर काढलं.

पण मागच्या दाराची पायरी कुणाला माळ्यावर टाकता येत नव्हती. ती दोन पाटांइतकी उंच होती. आई उन्हाला बसायच्या निमित्ताने तिथे बसायची, उठायची, बसायची. वस्ताद दूध घालताना तिच्याकडे बघत नसत, म्हशीला सांगितल्यासारखं मोठ्यानं म्हणत, "टाचा टेकव, टाचा." पौष सरता सरता ती थेट जमिनीवरून उठू लागली.

माघात त्या कोपरगावकडच्या मुलीचे मामा तिला घेऊन आले. नुसतंच जेवायला, असं आत्या शेजारीपाजारी सांगत होती. मुलगी माझ्याजवळ स्वयंपाकघरात बसली. तिने पोलक्याची फाटकी बाही पदराखाली धरून ठेवली होती आणि विचारलं तेवढंच बोलत होती. मला तिचा राग यायला हवा होता. तिच्याकडे बघून मला तिला घेऊन येणाऱ्यांचाच राग आला.

वडील आणि मामा पानावर बसले. आत्या भात घेऊन निघाली, तर आतल्या खोलीचा पडदा बाजूला झाला. आई न्हाऊन, लुगड्याचा काष्टा घट्ट मारून आली होती. तिने आत्याच्या हातातून भाताचं भांडं घेतलं आणि वाढायला लागली. वाढणं म्हणजे दर पदार्थाला कमरेतून वाकायचं, थांबायचं, हात स्थिर ठेवून वाढायचं आणि सरळ व्हायचं. भात, वरण, भाजी, कोशिंबीर. मग आमटीचं पातेलं घेऊन ती मामांच्या पानासमोर जमिनीवर बसली, पळीने आमटी वाढली आणि भरलं पातेलं दोन्ही हातांत धरून उठली. हात टेकायला मोकळा नव्हताच. आमटीचा थेंब सांडला नाही.

मामांनी वडिलांना विचारलं, "ह्या कोण?"

वडील भात कालवायला लागले. उत्तर आईने दिलं.

"मी ह्यांची बायको. तुम्हाला अंथरुणाला खिळलीय म्हणून सांगितलं असेल. मुलगी द्यायची तर द्या, मला कोण विचारतंय. पण एक विचारून घ्या. ही आजारी पडली तर तिसरी किती महिन्यांनी आणायची?"

आत्या म्हणाली, "अगं, पंगतीत काय हे." पंगतीत तंटा करायचा नसतो, आणि पानावरून अर्ध्यात उठायचंही नसतं, तो अन्नाचा अपमान. म्हणून दोघं खाली मान घालून जेवत राहिले. आई पुन्हा भात वाढत राहिली, तूप वाढलं, "सावकाश होऊ द्या" म्हणाली, ताकापर्यंत सगळं रीतसर केलं. इतकं लांब जेवण मी आजवर पाहिलं नाही. मामांनी आचवल्याबरोबर पत्र पाठवतो म्हणून मुलीला घेऊन मोटारीची वाट न बघता स्टेशनापर्यंत टांगा केला. पत्र आलं नाही. आत्या त्या आठवड्यात श्रीगोंद्याला गेली.

मामा गेल्यावर वडील ओसरीवर येरझारा घालत होते. "परक्या माणसापुढे माझी शोभा केलीस," ते म्हणाले. आणि मग जरा नरमाईने, म्हणजे त्यांच्या मते मोठ्या मनाने, "पण माझ्यासाठी एवढं केलंस, घर सोडवत नव्हतं तुला, ते कळलं मला."

मलाही तसंच वाटत होतं. मी तिच्या बैठका मोजल्या त्या सगळ्या तो टांगा परत जावा म्हणून मोजल्या होत्या.

"तुमच्यासाठी?" आई म्हणाली. तिला खरंच नवल वाटलं होतं. "परसाकडे एकटीला जाता यावं म्हणून उठले मी."

तिने तांब्या भरून घेतला आणि मागच्या दाराकडे निघाली. मी सवयीने उठून तिच्या मागे गेले, खांदा पुढे केला. ती पायरीवर थांबली.

"तू कुठे येतेस?" ती म्हणाली.